शांत, ठाम, सातत्यपूर्ण

"मरण हा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही, चंदना. समोरच्या वकिलाला उच्चारू दे. ज्याच्या तोंडून तो आधी निघतो, त्याची बाजू तिथेच अर्धी बसते."

काकिर्डे वकिलांचं हे वाक्य, त्यांना जाऊन इतका काळ लोटला तरी, चंदना मगदूमच्या कानात त्यांच्याच घोगऱ्या आवाजात राहिलं होतं. कोल्हापूरच्या न्यायालयात ती त्यांची ज्युनियर म्हणून लागली तेव्हा या विषयावरचा वाद फार सोपा होता. जगण्याच्या हक्कात जाण्याचा हक्क येतो की नाही, एवढाच. एक बाजू म्हणे, दिवा ज्याचा त्याला तो मालवायची मुभा हवी. दुसरी म्हणे, आयुष्य हा दिवा नव्हे, ती ठेव आहे, आणि ठेवीवर मालकी सांगता येत नाही. पुढे 'सन्मान' हा शब्द आला आणि दोन्ही बाजूंनी तोच वापरायला सुरुवात केली. मग नळी काढणं वेगळं आणि औषध देणं वेगळं, यावर काही वर्षं गेली. मग माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलेली इच्छा आली. ती लिहायला साक्षीदार किती आणि मोडायला डॉक्टर किती, यावर आणखी काही वर्षं. प्रत्येक पिढीला वाटायचं, आपण हा प्रश्न मिटवला. प्रश्न मिटत नसे, नुसतं बिऱ्हाड बदलत असे.

मग पट्टी आली.

तिचं कागदोपत्री नाव संमतिमापक, पण सगळे पट्टीच म्हणत. कपाळावरून कानामागे जाणारी, दोन बोटं रुंद, सुती कापडासारखी मऊ. ती मनातले शब्द वाचत नाही, हे कंपनीवाले सुरुवातीलाच बजावून सांगत. शब्दाच्या कितीतरी आधी मेंदूत एक कल ठरतो. समोर आलेली गोष्ट घ्यायची, की बाजूला सारायची. हात उचलण्याची ताकद गेलेली असली, वाचा गेलेली असली, तरी हा कल उठतोच, आणि पट्टी तेवढाच टिपते. घ्यायचं असेल तर जोडलेल्या यंत्रावर हिरवा ठिपका, सारायचं असेल तर पिवळा. मात्र प्रत्येकाचा कल वेगळ्या तऱ्हेने उठतो, म्हणून पट्टीला माणूस शिकवावा लागतो. हे शिकवणं खाण्यापासून सुरू होतं. रोज ओठाशी चमचे न्यायचे, गोड, खारट, कडू, आणि ठिपके पाहायचे. काही महिन्यांत पट्टीला माणसाचा होकार-नकार घरच्यांपेक्षा चांगला कळू लागतो. मग त्याच पट्टीला बाकीचे प्रश्न विचारता येतात.

या पट्टीचा पहिला मोठा खटला चंदनानेच लढवला होता. हुपरीचा एक चांदी कारागीर, सगळे स्नायू गेलेले. पट्टी लावली की रोज नळीच्या अन्नाला पिवळा ठिपका. सरकारी वकील म्हणाले, शब्द नाही तर संमती नाही. चंदना म्हणाली, शब्द तर खोटंही बोलतात. नकार शांत असेल, ठाम असेल आणि सातत्यपूर्ण असेल, तर याहून स्पष्ट इच्छा कोणती? न्यायालयाने ते मान्य केलं. पुढे अंतिमेच्छा कायदा झाला तेव्हा तेच तीन शब्द कलमात जसेच्या तसे बसले. विधी महाविद्यालयातली मुलं त्यांना मगदूम कसोट्या म्हणून पाठ करत.

त्या कसोट्या तिच्या स्वतःच्या घरात आल्या, त्या तिच्या भाच्याबरोबर.

अर्हंत आवटे, सांगलीचा, तिच्या आक्काचा एकुलता मुलगा. न सांगता तो चेंबरमध्ये आला आणि चपला दाराबाहेर काढून बसला.

"मावशी, अर्ज टाकलाय. नोटीस यायच्या आधी तुला सांगावं म्हटलं."

"कसला अर्ज?"

"आईचा."

चंदनाने समोरची फाइल बंद केली. मालिनीआक्का तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून वेण्या घालण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. त्याआधीच आक्काने लिहून ठेवलं होतं. *मला माणसं ओळखू येईनाशी झाली, की मला अडवून ठेवू नये.* त्याचा मसुदाही चंदनानेच करून दिला होता.

"पट्टीचा अहवाल काय म्हणतो?"

"रोज नकार. एक दिवस सुटलेला नाही. आणि इतका शांत नकार आम्ही क्वचित बघतो, असं डॉक्टर मुजावर म्हणाल्या." अर्हंत खाली बघत बोलत होता. "तुझ्याच तीन कसोट्या आहेत, मावशी. तिन्हीत बसतंय."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करायचंय? तिने लिहिलंय. मला सोडवत नाही म्हणून तिला धरून ठेवायचं, हे बरं दिसतं का?"

चंदनाला त्याच्यावर रागावता आलं नाही. हेच वाक्य तिने दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं होतं.

*

गुरुवारी सकाळी ती सांगलीला पोचली. आक्काची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी. केस विंचरलेले, कपाळावर पट्टी. डोळे उघडे होते, पण ते चंदनावर थांबले की तिच्यातून पलीकडे गेले, हे सांगणं कठीण. ओवीने, म्हणजे आक्काच्या सुनेने, णमोकार मंत्र म्हटला, सासूच्या कानाशी वाकून रोजच्या सवयीने काहीतरी पुटपुटली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने कप घेऊन आली.

"मावशी, तुम्हाला कोराच केलाय हं चहा. गुरुवार ना."

"हो गं. बरं झालं."

यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या जैन माहेरची ही पद्धतच होती. आठवड्याच्या प्रत्येक वारी एक रस सोडायचा. रविवारी मीठ, सोमवारी हिरवी भाजी, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. सकाळी मनाशी म्हणायचं, आज अमुक सोडलं, उद्या सूर्य उगवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नवा नियम. आक्काने चंदनाला ही सवय लावली तेव्हा ती परकरात होती. पुढे उलटतपासण्या झाल्या, परदेशी परिषदा झाल्या, पण नियम मोडला नव्हता.

डॉक्टर फातिमा मुजावर चमचे घेऊन बसल्या. गुळाचा सांजा. ठिपका हिरवा. मऊ खिचडी. हिरवा. मग दूध. पिवळा. फातिमांनी नोंद केली आणि ताट झाकलं.

"झालं. आजचा नकार आला."

"रोज हे तीन?"

"छे. बदलून बदलून देतो. पण रोज एकाला तरी नकार असतोच. कायद्याला नकार पुरतो." त्या हसल्या. "तुम्हाला मी काय सांगणार, मॅडम."

चंदनाच्या हातातला कप तसाच राहिला. काळा चहा, वर साय नाही.

"ओवी," ती म्हणाली, "मघाशी आईंच्या कानात काय म्हणालीस?"

"कुठं काय? रोजचंच. आज गुरुवार, दूध सोडलं म्हणून." ओवी जराशी ओशाळली. "त्यांना कळत नाही म्हणतात, पण मी आपली म्हणते. लग्न होऊन आल्यापासून त्याच मला म्हणायला लावायच्या. आता मी त्यांना म्हणते."

"उद्या मी इथेच थांबते. डॉक्टर, उद्याही दूध द्याल? आणि दहीभात?"

शुक्रवारी दुधाला हिरवा ठिपका आला आणि दहीभाताला पिवळा. ठिपक्याकडे फातिमा नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या रोज्यात मला कुणी पट्टी लावली असती, तर हेच निघालं असतं की."

*

अंतिमेच्छा पीठासमोर अर्हंतच्या बाजूने निषाद काळसेकर उभा होता. चंदनाचाच जुना ज्युनियर. हुशार, गोड बोलणारा, तिच्या सगळ्या खोड्या माहीत असलेला. दोघंही बराच वेळ 'प्रस्थान', 'समाप्ती', 'अंतिम टप्पा' असे शब्द वापरत राहिले. शेवटी न्यायमूर्ती रेवती सरंजामे यांनी चष्मा काढला.

"दोघांपैकी कुणी मरण हा शब्द उच्चारणार आहे, की मीच उच्चारू?"

निषाद खाली बघून हसला. काकिर्डेंचा नियम त्यालाही चंदनानेच शिकवला होता.

चंदनाने आपली बाजू मांडली. कायद्यातल्या तीन कसोट्या चुकीच्या नाहीत, पण त्यांना एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. नकार कशाला? हुपरीच्या माणसाचा नकार अन्नाला होता. मालिनी आवटेंचा नकार गुरुवारी दुधाला आहे, शुक्रवारी दह्याला आहे. यंत्राने नकार बरोबर टिपला. अर्थ आपण लावला, तो चुकला. व्रत म्हटलं की ते शांत असतंच, ठाम असतंच, सातत्य हा तर त्याचा प्राण.

"म्हणजे मगदूम कसोट्यांवर मगदूमांचाच आक्षेप," निषाद म्हणाला. "पण मॅडम, रोज काहीतरी सोडणारी व्यक्ती शेवटी सगळं सोडायलाच तयार होत असते ना? तुमच्याकडे सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवणं, हेही व्रतच मानतात."

"मानतात. पण त्यात आणि यात फरक आहे. या नियमाला मुदत असते, उद्याच्या सूर्योदयापर्यंत. जो माणूस उद्यापर्यंत म्हणून सोडतो, तो उद्या धरून चालतो."

न्यायमूर्तींनी हे लिहून घेतलं. निषादने त्यांची लेखणी थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे मला मान्य आहे."

चंदनाने वळून पाहिलं.

"अर्जातला तो भाग मी सोडून देतो. मॅडमनी सिद्ध केलं, की मालिनीबाईंना वार कळतो, ताटातला पदार्थ कळतो, सुनेचं बोलणं कळतं. म्हणजे जाणीव शाबूत आहे. मग लिहून ठेवलेल्या इच्छेची गरजच उरत नाही. ती इच्छा त्या अजाण झाल्या तर, म्हणून लिहिलेली होती. आता त्यांनाच विचारू या. पट्टी आहे, त्या आहेत. विचारायला हरकत कुणाची?"

हरकत कुणाचीच असू शकत नव्हती. चंदनाने इतक्या हौसेने जो दरवाजा उघडला होता, त्यातून निषाद नुसता चालत आत आला होता. आक्काला यंत्राच्या चुकीपासून वाचवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. चूक दूर झाल्यावर खुद्द आक्काच पलीकडे उभी असेल, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"प्रश्न कसा विचारायचा, त्याबद्दल माझी एक विनंती आहे," ती म्हणाली. "सल्लेखनेचं नाव माझ्या विद्वान मित्रांनी काढलंच आहे. ती घ्यायची म्हणून घेता येत नाही, मागावी लागते. आणि मुनिमहाराज आधी नाही म्हणतात. जायचंय का, हे ते विचारतच नाहीत. ते विचारतात, कुणाचं काही करायचं राहिलंय का. कुणाला क्षमा करायची, कुणाची मागायची राहिली आहे का. आपल्या कायद्यात इतकी वर्षं आपण एकच प्रश्न विचारत आलो, सुटायचंय का. माणूस कशाकशाशी बांधलेला आहे हे आधी विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"आणि काहीच राहिलं नसेल तर?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"तर माझी हरकत नाही."

हे बोलताना तिचा आवाज न्यायालयात नेहमी असतो तसाच होता.

*

न्यायमूर्ती सरंजामे स्वतः सांगलीला आल्या. चपला काढून, ओवीने दिलेल्या खुर्चीवर न बसता, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. निषाद दाराशी होता. फातिमांनी पट्टी नीट केली.

चंदना खाली, खाटेच्या कडेला बसली.

"आक्का, मी चंदी. कुणाची क्षमा मागायची राहिली आहे?"

ठिपका हिरवा.

अर्हंत पुढे सरकला. "आई, माझी?" पिवळा. ओवीने विचारलं, तिलाही पिवळा. चंदनाने मग स्वतःबद्दल विचारलं. तिला आतून वाटत होतं, नव्हे, थोडी आशाच होती, की आक्काचं काही असेल तर ते आपल्याकडेच अडकलेलं असेल. पिवळा.

गल्लीतून भांडीवाल्याची हाळी येऊन गेली. चंदना आठवत राहिली. एकेक नाव घेत गेली, माहेरची, आक्का शिकवायची त्या शाळेतल्या शिक्षिका, शेजारणी. पिवळा, पिवळा. आणि मग तिला जे नाव घ्यायचं नव्हतं ते तिने घेतलं.

"नांदणीची शशी?"

हिरवा. इतका चटकन, की फातिमांनी यंत्राकडे झुकून पाहिलं.

शशिकला, आक्काची जाऊ. एकेकाळी दोघी एका ताटात जेवायच्या. शशीच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं, शशीने ते हौसेने लावून दिलं, आणि त्या दिवशी आक्का भरल्या अंगणात म्हणाली होती, तुझ्या घरचं पाणी मी जन्मात घेणार नाही. ती साधी तणतण असती तर कधीच विरून गेली असती. पण आक्का बोलली ते व्रताच्या शब्दांत बोलली, हात जोडून, देवाचं नाव घेऊन. उद्याच्या सूर्योदयाची मुदत त्याला नव्हती. ते जन्माचं होतं. रागात घेतलेलं व्रतही व्रतच, म्हणून तिने ते पाळलं. शशीचा नवरा गेला तेव्हाही ती दाराबाहेरूनच परतली होती.

"ते सोडायचंय तुला?"

हिरवा.

"तिच्या घरचं पाणी आणलं, तर घेशील?"

हिरवा.

निषाद पुढे आला नाही. पुढचा प्रश्न चंदनालाच विचारायचा होता, आणि तो कसा विचारायचा हे तिनेच ठरवून घेतलं होतं.

"आणि ते झालं, की मग जायचं?"

ठिपका उगवायला थोडा वेळ लागला. मग हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

"आत्ता?" फातिमांनी नियमाप्रमाणे विचारलं. पिवळा. "पाण्यानंतर?" हिरवा.

"आणते मी," चंदना आक्काच्या कानाशी म्हणाली. "मी जाऊन आणते."

पुढचा आठवडाभर फातिमांनी वेगवेगळ्या वेळी, शब्द फिरवून, तेच प्रश्न विचारले. उत्तर बदललं नाही.

आदेश एका पानाचा निघाला. त्यात कायद्याला चौथी कसोटी जोडली गेली, नकार कशाला आहे ते पाहण्याची. आणि शेवटी एक साधं वाक्य होतं. मालिनी आवटे यांचं उरलेलं काम पूर्ण झाल्याचं कळवल्यावर, त्या सांगतील त्या दिवसापासून चमचा थांबवावा. तारीख दिलेली नव्हती.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर निषादने तिची बॅग धरली.

"मॅडम, असा आदेश मी पाहिला नव्हता. आता सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही नांदणीला गेलाच नाहीत, तर हे प्रकरण कधीच पुढे सरकायचं नाही."

"तुला वाटतं, मी जाणार नाही?"

"मी तुमच्या जागी असतो तर नसतो गेलो." तो म्हणाला. "बरेच दिवस तरी."

त्या दुपारी अर्हंतही तेच म्हणाला, वेगळ्या शब्दांत. ओसरीवर तिच्या शेजारी बसून, आतल्या खाटेकडे न बघता. "मावशी, घाई नाही कसली. पावसाळा होऊ दे. शशीकाकूही थकलीय, तिलाही नको वाटेल. कुणी तुला विचारणार नाही."

"आक्का विचारणार नाही होय?"

"तिला कुठं विचारता येतंय."

"म्हणून तर," चंदना म्हणाली.

अर्हंतने विचारलं, "काकू पाणी देईल का पण?"

"माहीत नाही. नाही दिलं तर पुन्हा जाईन."

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच आवरून जैन बसतीत देवदर्शन करून आली. मंगळवार होता. गोड सोडलं. ओवीने गूळ न घातलेली नाचणीची आंबील दिली, ती उभ्यानेच प्याली. माळ्यावरचा फिरकीचा तांब्या काढून तिने घासून पुसून घेतला आणि पाणी गाळायचं धुतलेलं फडकं घडी करून त्यात ठेवलं. शशी पाणी उकळून देईल की नुसतं गाळून, ते तिने शशीवर सोडलं. जे देईल ते ती आणणार होती.

आक्काजवळ ती वाकली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "येते गं."

ओवी आत वार सांगत होती. अर्हंत गाडी काढतो म्हणाला, तेव्हा तिने मान हलवली. अशा कामाला दुसऱ्याच्या गाडीतून जायचं नसतं, असं तिला वाटलं, किंवा तेवढा वेळ तिला एकटीला हवा होता. नांदणीची बस यायला अजून अवकाश होता. ती फाट्यावर जाऊन उभी राहिली.